श्राद्धाच्या दिवशीचा आखाडा

सुझू खोटं बोलली आहे हे किमिएला कळलं ते सकाळी नऊ वाजता, सासऱ्यांच्या फोटोसमोर शेवंतीची फुलं लावताना. गेन्झो कुवाहारांना जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे मृत्यूचा दिवस पहिला धरायच्या रीतीप्रमाणे आज तिसरं श्राद्ध. साडेअकराला देवळातले गुरुजी येणार होते. दीर, नणंद आणि नणंदेचे यजमान येऊन चहा पीत बसले होते. आणि नऊ वर्षांची सुझू किमिएच्या पाठीमागे उभी राहून एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होती.

"आई, आज दोन वाजता माझ्या वर्गातली मुलं येणारेत."

"आज? कशाला?"

"भोवऱ्यांची झुंज लावायला. मी सांगितलंय ना, आमच्या शेडमध्ये आखाडा आहे म्हणून. मोठा. आजोबांनी केलेला."

किमिएच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "कुठला आखाडा?"

"तोच तर नाहीये," सुझू म्हणाली.

"किती जण येणारेत?"

"अकरा. साकोने बहीण आणली तर बारा."

किमिएने तिला आजोबांच्या फोटोसमोरच बसवलं आणि खडसावून विचारलं. तेव्हा कळलं की वर्गात सगळ्यांकडे ते नवीन झुंजीचे भोवरे आलेले, पट्टी ओढून खटक्यातून सोडायचे. दुकानातला प्लास्टिकचा आखाडा फक्त दोघींकडे, आणि त्या सुझूला खेळायला घेत नव्हत्या. तुमच्या घरी नुसता गंज आहे, असं त्यातली एक म्हणाली होती. यावर सुझूला जे सुचलं ते तिने सांगितलं.

गंजाचं काही खोटं नव्हतं. घरामागच्या शेडमधली लोखंड ओतायची फौंड्री गेन्झो गेल्यापासून बंद होती. कावागुची शहरातल्या निम्म्या फौंड्र्या पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. कुवाहारांची शेड तेवढी मध्ये उभी होती, आणि ती पाडायची की ठेवायची यावरून किमिएचा नवरा योशिनोरी आणि धाकटा दीर तेत्सुहारु दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडील गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीला तेत्सुहारुने शेडच्या जागी व्हायच्या अठरा मजली इमारतीचं रंगीत चित्र आणून फोटोसमोर ठेवलं होतं, तेव्हापासून. आताही दोघे एकाच टेबलाशी समोरासमोर बसून किमिएमार्फत बोलत होते.

"वहिनी, त्याला म्हणावं साखर इकडे सरकव."

"किमिए, त्याला सांग, हात लांब आहेत त्याचे."

आज जेवणं झाली की तेत्सुहारु शेड पाडायचा विषय काढणार होता. हे फक्त किमिएला माहीत होतं, कारण महिन्यापूर्वी स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात तिनेच त्याला सांगितलं होतं, "तुम्ही काढा विषय, मी मध्ये पडणार नाही." नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

"मुलांना फोन कर आणि येऊ नका म्हणून सांग," ती सुझूला म्हणाली.

सुझूने मान डोलावली आणि ती रडायला लागली. आवाज न करता. तेच वाईट झालं. मोठ्याने रडली असती तर किमिए ठाम राहिली असती. पण ती आपली आजोबांच्या फोटोकडे बघून ओठ दाबून रडत होती, आणि दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या.

"काय झालं?" तोमे आजी म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. घरात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या, आणि शेडबद्दल तर दोन वर्षांत चकार शब्द न काढलेल्या.

किमिएने सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि मोठी लोखंडी कढई घेऊन आल्या. सुझूने डोळे पुसले, दोन भोवरे सोडले. दोन्ही घरंगळत तळाशी गेले, एकमेकांना चिकटले आणि मेले.

"उतार जास्त आहे," आजी म्हणाल्या.

आवाज ऐकून योशिनोरी आला. काळा सूट, काळा टाय. "कढईत कधी झुंज होते का? पिंप लागतं. पिंपावर जाड कापड ताणायचं, मध्ये ओलं करून खोलगट करायचं. आम्ही तसंच खेळलोय."

"पिंप कुठून आणणार आता?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. घरात एकच पिंप होतं, आजींच्या लोणच्याचं. भाताच्या कोंड्याचं ते आंबवण आजी साठ वर्षं रोज हाताने ढवळत आलेल्या. लग्नात माहेराहून आणलेलं. बावीस वर्षांत किमिएला त्याला हात लावायची परवानगी फक्त दोनदा मिळाली होती, दोन्ही वेळा आजी इस्पितळात होत्या म्हणून.

आजींनी सुझूकडे पाहिलं. "न्हाणीचा टब घासलाय का आज?"

"हो, पण आई..." किमिए म्हणाली.

"मग ओता त्यात."

ओतलं. दिराने आणि नवऱ्याने दोन बाजूंनी पिंप उचललं, एकमेकांकडे न बघता. किमिए मध्ये उभी राहून "डावीकडे सांगतायत", "थोडं वर म्हणतायत" असा निरोप्याचा धंदा करत होती. चाळीस किलो आंबवण टबात पसरलं. त्यात पुरलेले काही मुळे वर आले. पाच मिनिटांनी नणंद, मासुए, हात धुवायला न्हाणीत गेली आणि अशी किंचाळली की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

पिंपावर जुनं ताडपत्रीचं कापड ताणून बांधलं. सुझूने भोवरे सोडले. प्लास्टिकचं टोक कापडात रुतलं, भोवरे दोनदा डुलले आणि आडवे पडले. पुन्हा सोडले. पुन्हा आडवे.

"आमचे ओतीव लोखंडाचे होते," योशिनोरी ओशाळून म्हणाला. "ते असे पडत नसत."

"वहिनी, त्याला सांगा, याला कडक तळ लागतो. हे मी सकाळीच सांगितलं असतं, पण मला कोण विचारतंय?" तेत्सुहारु तयार न्हाणीघरं विकायचा. तळ, उतार, पाण्याचा निचरा हे त्याचं खाणंपिणं होतं. "मीटरला दोन सेंटिमीटर उतार, कडेला थोडा चढ. बास."

"किमिए, त्याला विचार, कडक तळ आता कशाचा करू? भट्टी थंड आहे. लोखंड काय चुलीवर वितळवू?"

दहा वाजले होते. सगळे पिंपाभोवती उभे होते. तेव्हा मासुएचा नवरा कुनिहिको, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "प्लास्टर चालेल का?"

कुनिहिको दंतवैद्य. लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन त्यात प्लास्टर ओतण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. सासरी त्याला कुणी काही विचारत नसे, एखाद्याची दाढ दुखली तरच. "दवाखान्यात तीन पोती आहेत. पंचवीस-पंचवीस किलोची. दगडासारखं कडक होतं."

योशिनोरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातही पाहिलं नव्हतं. "वाळूत ओतलं तर?"

"वाळूत कधी ओतलं नाही. दातांना वाळू लागत नाही."

"मला लागते," योशिनोरी म्हणाला, आणि कोट काढून शेडकडे निघाला.

दोन वर्षांनी शेडचं दार उघडलं. किमिए सुझूचा हात धरून आत गेली. काळी साच्याची वाळू ढिगाने पडून होती, फक्त वरून सुकलेली. योशिनोरीने फावडं मारलं, पाणी शिंपडलं, मूठभर वाळू दाबून पाहिली. ती तुटली. आणखी पाणी. पुन्हा दाबली. मग जमिनीत मधोमध एक लोखंडी दांडा ठोकला, त्याला फळी अडकवली आणि फळी गोल गोल फिरवत वाळूचा गुळगुळीत उंचवटा करायला लागला. उलटी थाळी असते तसा. मग दांडा उपसून भोक बुजवायचं, यावर प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की पालथं करायचं, की झाला खोलगट आखाडा. सुझू तोंड उघडं टाकून बघत होती. आपल्या बापाला असलं काही येतं हे तिला माहीत नव्हतं. तिच्या माहितीत तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता.

"वहिनी, त्याला सांगा, फळीचा बाक जास्त झालाय. भोवरे मधे गोळा होतील."

"किमिए, त्याला सांग, ज्याने जन्मभर प्लास्टिकच्या मोऱ्या विकल्या त्याने..."

किमिएच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या. कुनिहिकोची गाडी दारात येऊन उभी राहिली होती, मासुए पोती ओढत होती, तासाभरात गुरुजी यायचे होते, न्हाणीच्या टबात लोणचं होतं.

"माझे हात रिकामे नाहीत," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

योशिनोरी फळी धरून उकिडवा बसला होता. तेत्सुहारु खिशात हात घालून छताकडे बघत होता.

"पाच मिलिमीटर," तो छताला म्हणाला.

"काय?"

"बाक पाच मिलिमीटर कमी कर, दादा."

"तीन."

"चार."

योशिनोरीने खिशातून कानस काढली आणि फळीची कड घासायला घेतली. "चार," तो म्हणाला.

नंतर दोघे जे बोलायला लागले ते थांबेचनात. बहुतेक शिव्याच होत्या. कडेची जाडी किती, यावरून तेत्सुहारुने दादाला गाढव म्हटलं. ग्रॅफाइटची काळी भुकटी वाळूवर कोण फासणार यावरून दादाने त्याला लहानपणी साच्यात मुतल्याची आठवण करून दिली. मासुए म्हणाली, "दोघे मुतले होते, मी सांगितलं होतं बाबांना." कुनिहिको बाही सरसावून बादलीत प्लास्टर कालवत होता आणि "पटपट! आठ मिनिटांत धरतं!" असं सगळ्यांवर ओरडत होता. आजवर या घरात त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

शेवटची बादली ओतली तेव्हा दारात गुरुजी उभे होते. आत सहा माणसं, सगळी शोकाच्या काळ्या कपड्यांत, कोपरापर्यंत पांढरी, आणि मध्ये एक मोठी गोल शिळा.

"स्मारक का?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"आखाडा आहे," सुझू म्हणाली. "भोवऱ्यांचा."

"अस्सं." गुरुजी आत आले, भोवती एक फेरी मारली. "व्यास?"

"नव्वद सेंटिमीटर."

"आमच्या लहानपणी पिंपावर कापड असायचं."

"तेही झालं सकाळी," किमिए म्हणाली.

हात घासून, धुऊन सगळे फोटोसमोर गुडघे टेकून बसले. गुरुजींनी जपाची माळ काढली आणि मागे वळून बघितलं. "छोटं सूत्र म्हणू की मोठं? छोटं वीस मिनिटांत होतं."

सगळ्यांनी कुनिहिकोकडे पाहिलं. कुनिहिको म्हणाला, "पन्नास मिनिटं तरी हलवायचं नाही. आतून गरम होतं, मग निवावं लागतं."

"मोठं म्हणा," किमिए म्हणाली.

गुरुजींनी मोठं म्हटलं. न्हाणीतून आंबूस वास येत होता आणि उदबत्तीला दाद देत नव्हता. मासुएचे पाय सुन्न झाले, तिने भावाच्या खांद्यावर हात टेकला. तेत्सुहारु मधेच पोट धरून उठला, शेडमध्ये जाऊन आला आणि बसताना दादाच्या कानात म्हणाला, "अजून कोमट आहे." सूत्र संपलं तेव्हा गुरुजींनी दंतवैद्यांकडे नजर टाकली. कुनिहिकोने नकारार्थी मान हलवली. गुरुजी खाकरले आणि शेवटचा भाग पुन्हा म्हणाले. तोमे आजी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या गालावर ओघळ होता. नवऱ्यासाठी इतकं लांबलचक सूत्र त्याच्या अंत्यविधीलाही झालं नव्हतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

जेवणाचे डबे कुणी धड खाल्ले नाहीत. दीड वाजता सगळे शेडमध्ये होते, गुरुजीसुद्धा. प्लास्टर पालथं करायचं होतं, नव्वद किलोच्या आसपास. दोघे भाऊ समोरासमोर, कुनिहिको आणि गुरुजी बाजूंना.

"तीन म्हटल्यावर," योशिनोरी म्हणाला.

"तीनला की तीननंतर?"

"तीनला, मूर्खा!"

उलटलं. वरची वाळू गळून पडली. किमिएने सुती फडक्याने पुसलं आणि खाली काळाभोर, चकचकीत, थाळीसारखा आखाडा निघाला. सुझूने खटक्याची पट्टी ओढली. भोवरा कडेला गेला, वळला, मध्यावर आला, पुन्हा कडेला गेला. गोल गोल घेरे घेत राहिला. तो पडेपर्यंत गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "दोन मिनिटं अकरा सेकंद," ते म्हणाले.

दोन वाजता बारा मुलं आली. साकोने बहीण आणली होती. ज्या मुलीने गंज म्हटलं होतं ती दारातच थबकली, छताच्या तुळयांकडे, वाळूच्या ढिगाकडे, थंड भट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे सगळं तुमचं?"

"हो," सुझू म्हणाली. "बूट काढू नका, वाळू आहे."

सुझू पहिल्याच फेरीत हरली. साकोच्या बहिणीने हरवलं तिला, सहा वर्षांच्या. पण तिला त्याचं काही नव्हतं. ती पंच झाली. तेत्सुहारु तिच्या शेजारी जमिनीवर पालथा पडून, गाल प्लास्टरला टेकवून, कोण आधी थांबलं ते सांगत होता. त्याचा सूट पांढरा झाला होता. त्याचा विषय काढायचा राहिला होता, हे किमिएला आठवत होतं. त्याला आठवत नसावं.

चार वाजता मुलं निघाली. "पुढच्या रविवारी येऊ?" एकीने विचारलं.

"या की!" तेत्सुहारु म्हणाला. "दर रविवारी या!"

"भाऊजी!" किमिएच्या तोंडून निघून गेलं. "दर रविवारी काय? एप्रिलपर्यंत पाडून टाकू म्हणाला होतात ना तुम्ही?"

मुलं गेली. घरची माणसं जिथे होती तिथे उभी राहिली.

"कधी म्हणाला?" योशिनोरीने विचारलं.

आता मागे फिरायला जागा नव्हती. "महिन्यापूर्वी. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात. मीच बोलावलं होतं त्यांना."

"वहिनी!" मासुए म्हणाली. "तुम्ही? दादाच्या पाठीमागे?"

"हो, मी! तुम्ही वर्षातून एकदा येता ताई, दारात उभ्या राहून 'बाबांची शेड' म्हणता आणि डोळे पुसून जाता. पत्रा गळतो तेव्हा वर मी चढते. वादळात रात्रभर बादल्या मी बदलते. मला नकोय ही शेड. बावीस वर्षं झाली, मला नकोय." नवऱ्याकडे बघायचं तिला धैर्य झालं नाही.

योशिनोरी वाळूच्या ढिगावर बसला. बोटांमधलं प्लास्टर सोलायला लागला.

"मलापण नकोय," तो म्हणाला.

"काय?"

"बाबा गेले त्याच दिवशी वाटलं, सुटलो. पण हा चित्र घेऊन आला. अठरा मजले. मग मी कसा म्हणणार, पाडा म्हणून? थोरला मुलगा मी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. तू इतकी सांभाळतेस ती."

किमिएला हसावं की त्याच्या डोक्यात फावडं घालावं ते कळेना.

"आई, तू बोल काहीतरी," मासुए म्हणाली.

"मला लग्न होऊन आले त्या दिवसापासून नकोय," तोमे आजी म्हणाल्या. "धूर. नुसता धूर. धुतलेली चादर मी कधी पांढरी वाळलेली पाहिली नाही. ह्यांना आवडायची म्हणून बोलले नाही. हे गेल्यावर वाटलं, योशिनोरीला हवी असेल."

"मग ठरलं तर!" कुनिहिको उत्साहाने म्हणाला. आज त्याला बोलायची चटक लागली होती.

"नाही!" तेत्सुहारु ताडकन उठला. "काही ठरलेलं नाही. मी पाडू देणार नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"अहो भाऊजी, तुम्हीच तर..."

"मी म्हणालो होतो तेव्हा मला माहीत नव्हतं!" त्याने आखाड्याकडे, दांड्याकडे, फळीकडे हात केला. "दादा, तू ती फळी फिरवलीस ना, बाबांसारखी... चार मिलिमीटर, आणि तो भोवरा दोन मिनिटं... हे पाडायचं? इमारती आहेत ना शहरभर! मी अकराव्या मजल्यावर राहतो, तिथे काय आहे? काही नाही!" तो रडत होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, नाकाला प्लास्टर लागलेलं.

"हात वर करा," आजी म्हणाल्या. "शेड कुणाकुणाला विकायचीय?"

आजींचा हात वर होता. योशिनोरीचा झाला. किमिएचा झाला. मासुएने नवऱ्याकडे पाहिलं, मग सुस्कारा सोडून तिनेही केला.

"माझा धरणार?" सुझूने विचारलं.

"तुझ्यामुळेच तर चाललंय हे सगळं," तेत्सुहारु तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. "बोल, सुझू. सांग यांना."

सुझूने विचार केला. "नव्या इमारतीत गरम असतं का?"

"असतं," किमिए म्हणाली.

"मग विका." तिने हात वर केला. "इथे पाय गारठतात. आखाडा खाली गाड्या लावतात तिथे ठेवू. मुलं म्हणत होती, थंडीत नाही येणार."

तेत्सुहारु उभा होता तिथेच खाली बसला.

बाकीचे घरात गेले. न्हाणीतून लोणचं काढायचं होतं आणि ते काम आजी दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हत्या. किमिएला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तेही एका दुपारी, कुणी डोळे न वटारता. तरी तिचा पाय निघेना. तेत्सुहारु आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसला होता आणि सुझूचा एक भोवरा हातात घेऊन पट्टी कशी घालायची ते शोधत होता. त्याला जमत नव्हतं. सुझूने त्याच्या हातून काढून घेतला, घालून दिला.

"एकच हं काका. माझा गृहपाठ आहे."

किमिएने शोकाच्या काळ्या किमोनोची कड वर खोचली आणि वाळूत गुडघे टेकले.

"सरका जरा, भाऊजी," ती म्हणाली. "आणि मला दाखव गं ते, कसं ओढायचं असतं."